कारण : खाजगी

आमच्या न्हाणीघराला आतून कडी आहे, ही गोष्ट नागरिकांच्या मूलभूत अधिकारांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरेल, असं ते बांधणाऱ्या गवंड्याला वाटलं नसणार. मलाही वाटलं नव्हतं. पण लढा कुठून लढायचा हे लढणाऱ्याच्या हातात नसतं. कुणाच्या वाट्याला मैदान येतं, कुणाच्या वाट्याला कोर्ट. माझ्या वाट्याला चार बाय पाचची न्हाणी आली, आणि तीही कोपऱ्यातल्या बंबासकट.

सत्याण्णव सालच्या जानेवारीत साताऱ्यात दोनच विषय होते. थंडी आणि फोन टॅपिंग. आदल्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं, की सरकारला वाटेल तेव्हा वाटेल त्याचा फोन चोरून ऐकता येणार नाही, त्यासाठी नियम पाळावे लागतील. या विषयावर सगळ्यांत तावातावाने बोलत होते ते ज्यांच्याकडे फोन नव्हता ते. आमच्या गल्लीत घरं अकरा आणि फोन एक. तो माझा. सहा वर्षं नंबर लावल्यावर आलेला. उरलेल्या दहा घरांनी माझा नंबर पुढे 'पी.पी.' लावून पाहुण्यांना, कचेऱ्यांना आणि लग्नपत्रिकांना देऊन टाकला होता. पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, पण आपलाच समजा. मी 'हॅलो, सरतापे बोलतोय' म्हटलं की पलीकडून आवाज यायचा, "असू दे, असू दे. जरा भाऊसोला हाक मारा." सहा वर्षं थांबून मी हाका मारायची नोकरी मिळवली होती.

फोन बैठकीच्या खोलीत, विणलेल्या रुमालाखाली. ज्याचा फोन असेल तो स्टुलावर बसून बोलायचा, आणि आम्ही त्याच्याकडे मुळीच लक्ष न देता आपापली कामं करायचो. म्हणजे माझी आई, मुक्ताबाई, लसूण सोलायची. प्रबुद्धची आई, म्हणजे माझी पत्नी, तांदूळ निवडायची. मी वर्तमानपत्र वाचायचो. त्या वर्षी आमच्या घरी जितका तांदूळ निवडला गेला, तितका आम्ही खाल्लेला नाही.

सव्वीस जानेवारीला आमच्या भागातल्या वाचनालयाने वादविवाद ठेवला. विषय : 'सरकारने नागरिकांचे फोन ऐकावेत काय?' ऐकू नयेत, या बाजूने मी. आमच्या घरात घटनेची प्रत आहे आणि ती शोभेला नाही, हे गल्लीला ठाऊक असल्याने माझी निवड बिनविरोध झाली. ऐकावेत, या बाजूने आमच्या समोरचे सुभेदार लालासाहेब. अठ्ठावीस वर्षं फौजेत, गावाकडे ऊस, आणि आवाज असा की स्वयंपाकघरात पाणी मागितलं तर कोपऱ्यावरचा चहावालासुद्धा पेला भरायचा.

मी विषयाची तयारी करत असताना आई म्हणाली, "फोन टेप करत्यात म्हंजी काय रं जालिंदर? गाणी भरत्यात व्हय?"

"टेप नव्हे आई, टॅप. दुसऱ्याचं बोलणं आपण गुपचूप ऐकायचं."

"मग त्याला टॅप कशाला म्हनायचं?" लसणाची पाकळी सोलत आई म्हणाली. "त्ये तर आपुन रोजच करतुया."

थोरांच्या अशा बोलण्याकडे आपण वेळीच लक्ष देत नाही.

सुभेदारांचं भाषण तीन मिनिटांत संपलं. "मायबाप सरकार म्हन्तो का न्हाई आपन? मग! बापानं लेकराचं ऐकलं तर त्याला चोरी म्हनायची व्हय? ज्याच्या पोटात पाप न्हाई त्यानं दार लावायचं कारनच काय? जय हिंद!" टाळ्या अशा पडल्या की भिंतीवरचं घड्याळ थांबलं. निदान मला तसं आठवतं.

मग मी उठलो. मी कलम एकवीसपासून सुरुवात केली. चौथ्या मिनिटाला पहिल्या रांगेतला एकजण पायातली चप्पल शोधू लागला. सहाव्या मिनिटाला किराणा दुकानवाल्या भाऊसोने हात वर केला. "सायेब, कलमं ऱ्हाऊ द्या. उदाहरन द्या एखादं, ज्यातनं आमा गरिबाला कळंल."

वक्त्याने श्रोत्याचं ऐकू नये, हा नियम घटनेत असायला हवा होता.

"ठीक आहे," मी म्हणालो. "समजा, एक मुलगी आहे. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण दुसऱ्याच्या खाजगी गोष्टींचा मी आदर करतो. या मुलीनं आय.टी.आय.ला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला आहे. सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यात, यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायच्या जागेसाठी तिनं अर्ज केलाय. घरी सांगितलेलं नाही. का? तर तिचे वडील, लष्करातून निवृत्त झालेले शिस्तीचे गृहस्थ, तिला खंडाळ्याच्या एका घरात द्यायच्या विचारात आहेत. येत्या गुरुवारी अकराच्या सुमारास कारखान्याचे साहेब शेजारच्या फोनवर तिला शेवटचं विचारणार आहेत, की बाई, येतेस का नाही. आता मला सांगा, हे बोलणं एखाद्या तिऱ्हाइतानं ऐकलं, आणि चारचौघांत फोडलं, तर त्या मुलीचं काय होईल?"

सभागृह एकदम शांत झालं. मला वाटलं, पोचलं. पोचलं होतंच. दीडशे माणसं मला सोडून सुभेदारांकडे बघत होती. आमच्या गल्लीत ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली मुलगी एकच होती, सुभेदारांची रेश्मा, आणि ती बायकांच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या स्टुलावर बसून ती इतक्या हळू आवाजात बोलली होती, की ऐकण्यासाठी मला वर्तमानपत्राचं पान उलटणंही थांबवावं लागलं होतं.

मी पेलाभर पाणी प्यालो. मग सुभेदारांच्या पुढ्यातला पेलाही प्यालो.

पहिलं बक्षीस मलाच मिळालं. प्रशस्तिपत्रावर 'जिवंत उदाहरणासह प्रभावी मांडणी' असा खास उल्लेख आहे.  घरी आल्यावर दाराशीच प्रबुद्धची आई म्हणाली, "नाव तेवढं सांगायचं राहिलं हो तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा दुधाचं भांडं घेऊन आमच्याकडे आली. दूध आणायला ती आमच्याकडे कधी येत नाही, आमच्याकडे दूध नसतं. ती रडेल अशी मी मनाची तयारी केली होती. ती रडली नाही, ते जास्त वाईट झालं.

"काका," ती म्हणाली, "सरकारनं ऐकलं असतं तर परवडलं असतं. सरकार कुनाला सांगत तरी न्हाई."

 मी म्हटलं, "सुभेदार काय म्हणाले?"

"दादा म्हनले, फोन येऊ दे. तू उचल. मी शेजारी हुभा ऱ्हातो. 'मला यायचं न्हाई' म्हन आन् ठिव. आयतवारी खंडाळ्याचे पाव्हनं यायचेत. तवर घराभाईर पडायचं न्हाई, लांब म्हंजी तुमच्या दारापतुर."

"मग तू त्यांच्यासमोरच सांग ना, मला जायचंय म्हणून!"

"काका, दादा समोर असले की माझ्या तोंडातनं 'व्हय दादा'शिवाय दुसरं काय भाईरच पडत न्हाई. लहानपनापासनं. मी एकटी असले तर बोलीन."

"मी सांगू का कारखान्याच्या साहेबांना? तुझ्या वतीनं?"

रेश्माने माझ्याकडे जे पाहिलं, ते सांगण्यासारखं नाही. "तुमी आता कुनाला काय सांगू नका," ती म्हणाली, आणि रिकामं भांडं घेऊन गेली.

मी बैठकीत बसून घराकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी आमचं घर घटनेच्या दृष्टीने पाहत होतो. बैठकीला दार आहे, ते रस्त्याला. स्वयंपाकघराला चौकट आहे, दार नाही. आतल्या खोलीला दार होतं, पण प्रबुद्धने तिसऱ्या वर्षी स्वतःला आत कोंडून घेतल्यावर ते काढून तिथं पडदा लावला. तो प्रबुद्ध आता सांगलीला इंजिनिअरिंगला आहे आणि पडदा अजून आहे. राहता राहिली न्हाणी. दार, आणि दाराला आतून कडी. पक्की, पितळी.

मी ठरवलं. गुरुवारच्या आत फोन न्हाणीत गेला पाहिजे. रेश्माचं बोलणं मी चारचौघांत फोडलं होतं, त्याला दार लावणंही माझंच काम होतं.

कुणी म्हणेल, यात काय, पाचसहा वार वायर आणायची आणि जोडायची. पण मी सरकारी नोकर. परवानगीशिवाय वायर ओढणं माझ्या रक्तात नाही. शिवाय त्याच सकाळी आमच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं होतं, "तुम्ही शासनाच्या विरोधात भाषण केल्याचं समजतं. लेखी खुलासा द्या."

"कुणाकडून समजतं, साहेब?"

"ते गोपनीय आहे," साहेब म्हणाले.

खुलासा देऊन मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि टेलिफोनच्या कचेरीत गेलो. खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "स्थलांतर? कुठून कुठं?"

"बैठकीच्या खोलीतून न्हाणीघरात."

बाईंनी चष्मा काढला. "घर तेच?"

"तेच."

"मग फोन जातोय कुठं?"

"सोळा फूट आत."

बाईंनी मागे वळून कुणाला तरी विचारलं, मग त्या कुणीतरी आणखी कुणाला तरी विचारलं. शेवटी एक छापील अर्ज आला. सगळे रकाने मी सुवाच्य अक्षरात भरले. 'कारण' हा रकाना पोस्टाच्या तिकिटाएवढा होता. मूलभूत अधिकारांना तेवढ्या जागेत बसवणं शक्य नव्हतं, म्हणून मी एकच शब्द लिहिला : 'खाजगी'. खरं सांगायचं तर जागा त्यालाही पुरली नाही. शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलं, आणि बाईंनी आवक-शिक्का उचलून नेमका त्या अक्षरावर मारला.

मग त्यांनी अर्ज वाचला, आणि खुर्ची थोडी मागे घेतली.

"आधी सांगायचं ना," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "वैद्यकीय कारण असेल तर अर्ज वरती घेतात. किती दिवसांपासून आहे?"

"काय?"

"खाज."

मी शिक्का खरवडून 'गी' दाखवायचा प्रयत्न केला. बाई म्हणाल्या, "अर्जाला हात लावू नका." ते त्या नियमाने म्हणाल्या की धास्तीने, ते कळलं नाही. मी म्हणालो, "बाई, माझं कारण खाजगी आहे." त्या म्हणाल्या, "असणारच. अशा गोष्टी कुणी चारचौघांत सांगतं का? डॉक्टरांचा दाखला जोडा. त्याशिवाय मग महिनाभर तरी थांबावं लागेल."

महिना माझ्याकडे नव्हता. माझ्याकडे तीन दिवस होते. मी खिडकीपाशी उभा राहून प्रतिष्ठा आणि रेश्मा यांची तुलना केली. प्रतिष्ठेची तशीही रविवारी सभागृहात वासलात लागली होती.

मंगळवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "कुठं खाज आहे?"

"अर्जात," मी म्हणालो.

सगळी हकिगत ऐकून डॉक्टर इतके हसले की बाहेर बसलेले दोन पेशंट बरे वाटून घरी गेले. खोटा दाखला मी देत नाही, ते म्हणाले. मग त्यांनी माझे हात पाहिले. साताऱ्याची जानेवारीतली थंडी. हात उकललेले होतेच. त्यांनी लिहिलं, 'रुग्णाची त्वचा कोरडी असून खाज संभवते. वारंवार कोमट पाण्याने स्नान हितावह.' यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. सरकारी भाषेत खरं बोलणारा माणूस मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

दाखला घेऊन मी कचेरीत गेलो, आणि कचेरीतून घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. कशी, ते विचारू नका. आमच्या गल्लीत बातमीला फोन लागत नाही. भाऊसोने मला दुकानासमोर थांबवलं, चार हात लांबूनच.

"सायेब, गंधकाचा साबन हाय आपल्याकडं. लय बेश्ट. निम्मी वडी सकाळी, निम्मी सांजच्याला."

"मला काही झालेलं नाही, भाऊसो."

"पयलं समदे आसंच म्हन्त्यात."

त्यापुढच्या चोवीस तासांत मला कडुनिंबाचा पाला, करंजाचं तेल, कुणाच्या तरी सासऱ्याला गुण आलेली एक पुडी, आणि 'गाढवाच्या जवळ जाऊ नका' हा सल्ला मिळाला. शेवटचा का, ते मी अजून शोधतो आहे. ज्या रंगूबाई रोज दुपारी माहेरच्या फोनची वाट पाहत आमच्या स्टुलावर बसायच्या, त्या उंबऱ्यावरूनच विचारू लागल्या, "आला हुता का वं?" आईने त्यांना सांगितलं, "ये की आत. त्याला खाज न्हाई, त्याचं कारन खाजगी हाय." रंगूबाई म्हणाल्या, "मावशी, घरातल्या मान्सानं झाकायचंच आसतंय."

बुधवारी दुपारी लाइनमन नाथाजी खांद्यावर वायरचं भेंडोळं टाकून आला. वायर मी धरू का म्हटलं तर म्हणाला, "नगं. तुमी लांबच बरं." चहालाही नको म्हणाला. न्हाणीत उंचावर, ओल लागणार नाही अशा फळीवर त्याने फोन बसवला, त्यावर आईने दुधाची पिशवी धुऊन, उलटी करून चढवली, आणि नाथाजीने फोन कानाला लावून तपासणी केली. मग मला राहवलं नाही. इतक्या खटपटीनंतर मला ते कळायलाच हवं होतं.

"नाथाजी, खरं सांग. सरकार आमचे फोन ऐकतं का रे?"

नाथाजी हसला. "सरकारला येळ हाय व्हय सायेब? आमी खांबावर चढून लाइन तपासतो, तवा आमच्या कानावर पडतंय तेवढंच."

"माझंही पडलंय?"

"पडलंय की."

"मग?" मी छातीवर हात बांधून विचारलं. शेवटी मी घटनेवर बोलणारा माणूस होतो.

"तुमी 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' म्हन्ता, आन् मग 'थांबा, बोलावतो' म्हन्ता," नाथाजी म्हणाला. "दुसरं तुमच्या फोनात काय आसतंय?"

माझ्यावर पाळत ठेवण्यासारखं काही नव्हतं, हे सरकारी माणसाच्या तोंडून ऐकून मला जे वाटलं त्याला समाधान म्हणता येणार नाही.

गुरुवार उजाडला. मी रजेवर होतो. आमच्या अंघोळी पहाटेच उरकल्या होत्या, न्हाणी पुसून कोरडी केली होती आणि आत एक पाट ठेवला होता. साडेदहाला सुभेदार आले. इस्त्रीचे कपडे, बूट, हातात वेताची छडी. मागे रेश्मा. त्यांच्या मागे, आपलं सहज म्हणून, भाऊसो, आणि रंगूबाई, आणि गल्लीतले आणखी पाचसहा. सगळे बैठकीत भिंतीला लागून उभे राहिले, कारण आमच्या खुर्च्यांवर बसायची कुणाची तयारी नव्हती. आई चुलीशेजारी स्टोव्हपुढे बसली होती. 

अकराला दोन मिनिटं असताना न्हाणीत फोन वाजला. न्हाणीत वाजलेला फोन फार मोठा वाजतो. मी आत जाऊन उचलला, "आहेत, देतो," म्हणालो आणि बाहेर आलो. रेश्मा आत गेली. तिच्या मागोमाग सुभेदार निघाले. मी दारात आडवा उभा राहिलो, आणि आतून कडी बसल्याचा आवाज आला.

"सरका," सुभेदार म्हणाले.

"आत एकाच माणसापुरती जागा आहे, सुभेदार."

"मी बाप हाय तिचा!"

"आहात. म्हणूनच बाहेर थांबा."

"आसं काय चोरीचं बोलनं हाय, की कडी लावून बोलावं? पोटात पाप न्हाई तर कडी कशाला?"

त्या क्षणी मला जे सुचलं ते रविवारी सभागृहात सुचायला हवं होतं. पण मला योग्य गोष्टी नेहमी चार दिवसांनी सुचतात. मी म्हणालो, "तुम्ही अंघोळीला जाता तेव्हा कडी लावता ना?"

"लावतो की."

"आत काय गुन्हा करता?"

भाऊसो फिस्सकन हसला आणि लगेच खोकला. सुभेदारांचा चेहरा विटेसारखा झाला. मला बाजूला ढकलायला त्यांनी हात उचलला. मी डोळे मिटले. काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा हात तसाच हवेत होता, माझ्या उकललेल्या हातापासून वीतभर अंतरावर. सुभेदारांनी तो सावकाश मागे घेतला आणि खिशात घातला. टेलिफोन कचेरीतल्या त्या बाईंचे आणि त्यांच्या शिक्क्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आणि तेवढ्यात भोंगा झाला.

तीस जानेवारी. अकरा वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं स्तब्धता. ते आम्ही सगळेच विसरलो होतो, सुभेदारांचे बूट मात्र विसरले नव्हते. टाच टाचेवर आपटली, छाती पुढे आली, आणि सुभेदार माझ्यापुढे दीड हातावर सावधान झाले. बैठकीतली माणसंही जिथल्या तिथे थांबली. रस्त्यावरचा भाजीवाला थांबला. सगळा सातारा गप्प झाला.

आणि त्या शांततेत न्हाणीच्या दाराआडून रेश्माचा आवाज येऊ लागला. "व्हय सर... न्हाई, मी सांगते ना... माझं आसं हाय सर, की घरी..."

शब्द न् शब्द. पितळी कडी होती, पण दार फळ्यांचं होतं. मी सरकारी नोकर, स्तब्धता मोडणं मला शक्य नव्हतं. भिंतीला लागून उभ्या माणसांचे कान मला वाढताना दिसत होते. माझ्या स्वतःच्या कानांविषयी मी काही बोलत नाही.

तेव्हा आईने स्टोव्हला पंप मारला. एक, दोन, तीन. मग काडी ओढली. तो स्टोव्ह पेटला की घरात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, ही त्याच्याबद्दलची आमची पंधरा वर्षांची तक्रार. त्याने अशी गर्जना केली की भोंगा फिका पडला. आईने वर काही ठेवलंही नाही. नुसता पेटलेला स्टोव्ह पुढ्यात घेऊन, दोन्ही हात जोडून, डोळे मिटून ती बसली. हुतात्म्यांचा मान राखला, आणि रेश्माचाही.

दोन मिनिटांनी पुन्हा भोंगा झाला. माणसं हलली. थोड्या वेळाने कडी निघाली आणि रेश्मा बाहेर आली.

"काय म्हनलीस?" सुभेदारांनी विचारलं.

सगळी बैठक पुढे झुकली. रेश्माने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग वडिलांकडे बघून म्हणाली, "घरी चला दादा. तिथं सांगते. तुमालाच."

त्यांच्या आयुष्यात कुणी त्यांना 'तुम्हालाच' असं म्हटलं नसावं. सुभेदारांनी छडी काखेत मारली आणि निघाले. त्या घरात पुढचे तीन दिवस काय बोलणं झालं, मला माहीत नाही. ऐकू येत नव्हतं असं नाही. समोरासमोरची घरं, आणि सुभेदारांचा आवाज. पण त्यांच्याकडे आवाज चढला, की मी आमचा रेडिओ चढवायचो. शनिवारी मी शेतकऱ्यांसाठी हळदीवरच्या करप्याचा सबंध कार्यक्रम ऐकला. भाऊसो दिवसातून चारदा यायचा. "सायेब, तुमच्याच न्हानीत बोलली, तुमाला म्हाईत न्हाई म्हन्ता?" रंगूबाई म्हणायच्या, "आमाला तरी सांगा." मी सांगायचो, मला माहीत नाही. आयुष्यात इतकं खरं बोलून इतका अविश्वास मला कधी मिळालेला नाही. रविवारी खंडाळ्याचे पाहुणे आले. पोहे खाऊन गेले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळावं म्हणून सगळी गल्ली केर काढायला बाहेर आली होती. काही कळलं नाही. मी मात्र आत होतो. मी पडदा ओढून बसलो होतो, आणि हे मी मन मारून केलं, हे नमूद करतो.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघालो, तर समोरून सुभेदार येत होते. डोक्यावर त्यांची काळी फौजी ट्रंक. मागे पिशवी घेऊन रेश्मा. माझ्यापाशी आल्यावर ते थांबले. ट्रंक काही खाली ठेवली नाही.

"काय बघताय?" ते म्हणाले. "सांगलीच्या गाडीला निघालोय. हिची मावशी हाय तिथं. उद्यापासनं कुपवाडात कामाला हजर व्हायचंय हिला."

मी रेश्माकडे पाहिलं. ती हसली. बस, एवढंच. मी काही विचारलं नाही, आणि काही न विचारणं मला पहिल्यांदाच सोपं गेलं.

चार पावलं जाऊन सुभेदार मागे वळले. ट्रंकेसकट. "सरतापे," ते म्हणाले, आणि त्यांच्या मानाने तो आवाज हळूच होता, "आयतवारी ती मावशीच्या शेजारच्या फोनवरनं करनार हाय. तुमच्याकडं. मी येईन. पर सांगून ठिवतो, मी बी आतनंच बोलनार. बापाचं बी काय काय आसतंय."

रविवारी ते आले. बैठकीत नेहमीचे सगळे होते. माझी खाज गंधकाच्या साबणाने बरी झाली अशी बातमी भाऊसोने स्वतःच पसरवली होती, त्यामुळे खुर्च्याही भरलेल्या होत्या. फोन वाजला. सुभेदार न्हाणीत गेले, कडी लावली, आणि कुणालाही ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणजे कवायतीच्या मैदानावर शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले,

"रेश्मे, जेवलीस का गं?"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. मग, "न्हाई गं, मी कशाला रडतुय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. प्रबुद्धच्या आईने तांदळाचं ताट खाली ठेवलं. रंगूबाई उठल्या. भाऊसो उठला. आई माझ्या हाताला धरून उठली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. आम्ही सगळे बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. तिथंही ऐकू येत होतं. मग दुकानापर्यंत गेलो. तिथंही येत होतं. मग गल्ली संपेपर्यंत चालत गेलो, कोपऱ्यावर वळलो, आणि पिठाच्या गिरणीपाशी पोचलो, तेव्हा कुठं सुभेदारांचं बोलणं खाजगी झालं.